आठवड्याचा फवारा आणि परत आलेली जास्वंद

पत्राचा सारांश : जळगाव जिल्ह्यातल्या एका ताईंची महामार्गालगत शोभेच्या झाडांची नर्सरी आहे. वीस गुंठे जागा, निम्म्यावर शेडनेट. नवरा नोकरीला बाहेरगावी, त्यामुळे रोजचा कारभार त्या आणि धाकटे दीर सांभाळतात. गुलाब, जास्वंद, एक्झोरा, क्रोटन, अरेका पाम हा मुख्य माल. काही कलमं घरीच होतात, बाकीचा माल आंध्रातून गाडीने येतो. उन्हाळ्यात गुलाबावर लाल कोळी, पावसाळ्यात काळे ठिपके, थंडीत भुरी (पानांवरची पांढरी भुकटीसारखी बुरशी) आणि जास्वंदीवर बारा महिने पिठ्या ढेकूण. दीर दुकानदाराच्या सल्ल्याने दर आठवड्याला तीन-चार औषधं एकत्र करून फवारतात. खर्च वाढतोय, कीड हटत नाही. गेल्या महिन्यात एका ठेकेदाराने जास्वंदीची दोनशे रोपं परत पाठवली. ताईंनी रासायनिक औषधं बंद करायचा आग्रह धरला आणि जैविक औषध मारून पाहिलं, तेही लागू पडलं नाही. दिरांचं म्हणणं, औषध हलकं पडतंय, जोरदार आणू. त्यातच शेडनेटमध्ये फवारणीनंतर लगेच निंदायला गेलेल्या एका मजूर बाईंना मळमळ होऊन चक्कर आली. ताई विचारतात, "आमच्या दोघांत बरोबर कोण? परत आलेली जास्वंद निम्म्या भावात किरकोळ गिऱ्हाइकाला देऊन टाकू का? तोच ठेकेदार पावसाळ्यासाठी पुन्हा ऑर्डर देतोय, ती घेऊ की नको?"

ताई,

तुमच्या पत्रात जी गोष्ट सगळ्यात शेवटी, दोन ओळींत आली आहे ती मी आधी घेतो. मजूर बाईंना चक्कर आली, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, असं लिहून तुम्ही पुन्हा जास्वंदीकडे वळलात. नर्सरीत सगळ्यात आधी बदलायचं आहे ते हेच. शेडनेटखाली वारा कोंडतो, औषधाची वाफ तिथेच घुटमळते. फवारा मारला की त्या भागात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी जायचं नाही, ना निंदायला, ना पाणी द्यायला, ना गिऱ्हाइकाला झाड दाखवायला. फवारणाऱ्याने पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मास्क आणि चष्मा घालायचा. उन्हाचा त्रास होतो म्हणून हे सगळं काढून ठेवायचं असेल तर फवारणीची वेळच चुकली आहे. खानदेशात मार्चनंतर फवारणी एकतर सकाळी आठच्या आत, नाहीतर ऊन उतरल्यावर.

तीन-चार औषधं एका पंपात ओतली की कुठल्याच डब्यावरची सूचना उपयोगाची राहत नाही. ती सूचना त्या एकट्या औषधासाठी लिहिलेली असते. डब्यावरच्या तिरप्या चौकोनात खाली रंगीत त्रिकोण असतो, तो घरातल्या प्रत्येकाला ओळखता आला पाहिजे. लाल सर्वात जहरी, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले, हे आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. पुन्हा कुणाला मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं असं काही झालं तर कपडे बदलून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत द्या. डॉक्टरला डब्यावरचं नाव लागतं, "पांढरं औषध होतं" एवढं सांगून भागत नाही. आणि एकदा ती औषधांची पेटी रिकामी करून बघा. फोरेट, ज्याला सगळे थिमेट म्हणतात, आणि डायक्लोरव्हॉस या दोन्हींवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुन्या नर्सऱ्यांच्या कोपऱ्यात ते अजून सापडतात.

आता तुमचा वाद.

तुम्ही विचारता, बरोबर कोण. पत्र मी दोनदा वाचलं. त्यात औषधांची नावं भरपूर आहेत, पण पानाच्या मागच्या बाजूला काय दिसलं हे एका ठिकाणीही नाही. दिरांना वाटतं उत्तर जोरदार डब्यात आहे, तुम्हाला वाटतं ते जैविक डब्यात आहे. दोघांनीही उत्तर डब्यातच शोधलंय. माझ्या मते कुठला फवारा हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा. पहिला, हे नक्की आहे काय? दुसरा, हे आलं कुठून?

पहिल्यासाठी दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग आणि एक पांढरा कागद पुरतो. गुलाबाची फांदी कागदावर धरून हाताने टकटक मारा. पडलेली बारीक धूळ अर्धा मिनिट निरखून बघा. धुळीचे कण चालायला लागले तर तो कोळी. लांबट, काडीच्या तुकड्यासारखं काही लगबगीने पळालं तर फुलकिडे. काहीच हललं नाही तर ती खरंच महामार्गाची धूळ आहे आणि त्या दिवशी फवाऱ्याचे पैसे वाचले.

तुमच्या एक्झोराचंच बघा ना. "पानं पिवळी पडतात, तीन बुरशीनाशकं झाली, फरक नाही" असं तुम्ही लिहिलंय. कोवळं पान पिवळं आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्यागार, असं असेल तर तो रोगच नाही. आपली काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी क्षाराचं. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, आणि एक्झोरा याबाबतीत फारच नाजूक. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह द्या, कुंडीच्या मिश्रणात कोकोपीट आणि कुजलेलं खत वाढवा, पाण्याचा सामू (आम्ल-क्षारपणा, पीएच) एकदा तपासून घ्या. अरेकाच्या पानांची टोकं करपतात तेही बऱ्याचदा क्षारामुळे, आणि मे महिन्यात नेटबाहेर ठेवलेल्या क्रोटनवरचे पांढुरके डाग उन्हाचे. या तिन्हींवर बाजारातलं एकही बुरशीनाशक चालणार नाही. तुमच्या फवाऱ्याचा बराच खर्च इथेच जात असावा.

लाल कोळ्यावर जरा थांबू, कारण एप्रिल संपत आलाय आणि सध्या तुमचा मुख्य शत्रू तोच आहे. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखी रस शोषणाऱ्या किडींची औषधं त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्यांच्या वापरानंतर कोळी वाढल्याची नोंद आहे. सायपरमेथ्रिनसारख्या औषधांनी तर कोळ्यांना खाणारे मित्रकीटक आणि परभक्षी कोळी आधी मरतात, मग मैदान मोकळं. कोरड्या गरम हवेत अंड्यातून निघून पुन्हा अंडी घालायला याला आठ-दहा दिवस पुरतात. दर आठवड्याला फवारा मारूनही कोळी वाढतोय असं तुम्हाला वाटतं. तो फवाऱ्यामुळेच वाढत असेल, ही शक्यता दिरांशी नीट बोलून बघा.

दुसरं, औषध पानाच्या वरच्या बाजूला पडतं आणि कोळी बसतो खाली. नोझल उलटं करून, खालून वर मारल्याशिवाय उपयोग नाही. त्यातही पहिला फवारा साध्या पाण्याचा असू द्या. सहा नंबरच्या महामार्गावर, म्हणजे आताच्या ५३ वर, दिवसभर ट्रक चालतात. रस्त्याकडच्या रांगांवर धुळीचा थर बसतो आणि धुळकटलेल्या पानावर कोळी जास्त फोफावतो. पहाटे पाइपच्या जोरदार धारेने पानांची खालची बाजू धुऊन काढा, आठवड्यातून दोन-तीनदा. जाळी धरलेली पानं तोडून पिशवीत भरा, गाठ मारून उन्हात टाका. तरीही कागदावर कोळी चालताना दिसले तर खास कोळीनाशक आणा, स्पायरोमेसिफेन, फेनाझाक्विन यांपैकी एखादं, डब्यावरच्या प्रमाणातच. अंड्यांतून नवे निघतात म्हणून आठवड्याभराने पुन्हा कागद धरा आणि गरज असेल तर दुसरा फवारा वेगळ्या गटाच्या, म्हणजे किडीला वेगळ्या पद्धतीने मारणाऱ्या औषधाचा. गंधक मात्र आत्ता नको. पारा पस्तिशीकडे गेला की गंधकाने पानं भाजतात, आणि आपल्याकडे तो चाळिशीच्या वर असतो. कडुनिंबाच्या तेलाचंही तेच, भर उन्हात मारलं तर पान करपतं.

"वेगळ्या गटाचं" हे शब्द दिरांना आवर्जून वाचून दाखवा. दुकानदार एकदा इमिडाक्लोप्रिड देतो, पुढच्या वेळी थायामेथोक्झाम, मग ॲसिटामिप्रिड. डबे तीन, कंपन्या तीन, गट एकच. कीड त्यातल्या एकाला सरावली की बाकी दोघांनाही सरावते. मग "औषध हलकं पडतंय" हा दिरांचा अनुभव खरा असतो, पण त्यावर "जास्त दवाई मारी टाक" हा इलाज उलटा पडतो. काही डब्यांवर गटाचा क्रमांक छापलेला असतो. खरेदी करताना त्याचा फोटो काढून ठेवला तर दुकानदाराशी वाद घालायला बरं पडतं.

तुमच्या जैविक प्रयोगाचं सांगतो. तुम्ही मार्चअखेर व्हर्टिसिलियम मारलंत, बरोबर? ती बुरशी आहे. किडीच्या अंगावर रुजायला तिला दमट हवा लागते. खानदेशातल्या मार्च-एप्रिलच्या भट्टीत ती पानावर पडली आणि वाळून गेली. औषध खोटं नव्हतं, वेळ चुकली. तेच जुलै-ऑगस्टमध्ये, संध्याकाळी, पानाखालून मारून बघा. त्याच्या आगेमागे बुरशीनाशक मारलं तर मात्र पुन्हा पैसे वाया. निंबोळी अर्क उन्हाळ्यातही चालतो. पाच किलो निंबोळीची पूड शंभर लिटर पाण्याला, रात्रभर भिजवून, गाळून, ऊन उतरल्यावर फवारायचा. निंबोळ्या आपल्याकडे फुकट पडतात, जूनमध्ये बायका लावून वर्षाच्या गोळा करून सुकवून ठेवा.

आता जास्वंद. दरवर्षी तिच्यावरच का, असं तुम्ही वैतागून विचारलंय. ताई, तुमच्या कुंपणापलीकडे काय आहे? कपाशी. जास्वंद आणि कपाशी एकाच कुळातल्या, भेंडीही त्यातलीच. कपाशीवरची पांढरी माशी, तुडतुडे, मावा, पिठ्या ढेकूण, लाल ढेकूण या सगळ्यांना जास्वंद चालते. डिसेंबर-जानेवारीत वेचणी संपते, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उपटतात, आणि वावरात खायला उरलेलं नसताना शेजारी तुमची हिरवीगार, पाणी दिलेली जास्वंद उभी असते. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तीच कपाशी पुढे उभी ठेवली असेल तर हा पाहुणचार आणखी दोन महिने लांबतो. पुन्हा मे अखेरीस बागायती कपाशी लागते आणि तुमच्या जास्वंदीवरची कीड तिकडे जाते. नुसतं आपल्या कुंपणाच्या आत फवारून हे चक्र तुटायचं नाही.

करण्यासारखं बरंच आहे. जास्वंदीच्या रांगा कपाशीच्या बांधापासून सगळ्यात लांबच्या टोकाला हलवा, मधे अरेका, बोगनवेल असला दुसऱ्या कुळातला माल ठेवा. मदर प्लांट, म्हणजे ज्यांच्यापासून कलमं करता ती झाडं, बारीक जाळीत घ्या, बाकी सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे. डिसेंबरपासून पिवळे चिकट सापळे लावा आणि दर सोमवारी त्यावरच्या माश्या मोजा. फुलकिड्यांसाठी निळे. सापळ्यांनी कीड संपत नाही, पण वावरातून लोंढा कधी निघाला ते कळतं. शेजाऱ्याशी बोलून घ्या, पऱ्हाट्या तुमच्या बांधाला रचू नकोस म्हणावं. एवढं शेजारधर्मात बसतं.

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणकट थर असतो, औषध त्यावरून ओघळून जातं. आधी पाण्याची जोरदार धार, मग झाडांसाठीचा पातळ साबण. कपड्यांची पावडर नको, तिने पानं जळतात. आणि मुंग्यांकडे लक्ष द्या. ढेकूण जो चिकट गोड द्रव सोडतो त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, एका कुंडीतून दुसरीत वाहूनही नेतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर कुठेतरी ढेकूण आहेच. तो द्रव पानावर पडून त्यावर काळी बुरशी वाढते. त्या काजळीवर बुरशीनाशक मारणं व्यर्थ, ढेकूण गेला की काजळी धुऊन निघते.

फवाऱ्याआधी भिंगातून एक गोष्ट नक्की बघा. पांढऱ्या ढेकणांमध्ये काही तपकिरी, फुगून कडक झालेले आणि पाठीला बारीक भोक पडलेले दिसले, तर तुमच्या नर्सरीत परोपजीवी गांधीलमाशी काम करते आहे. त्या रांगेला फवारा नको. शहाद्याकडच्या पपईवाल्यांना पपईवरचा पिठ्या ढेकूण चांगलाच माहीत आहे. तो २००८ साली कोइम्बतूरकडे पहिल्यांदा आढळला, जास्वंदीवरही बसतो. औषधांना तो फारसा बधला नाही. २०१० साली त्याच्यावर जगणारी इवलीशी गांधीलमाशी बाहेरून आणून सोडली तेव्हा तो आटोक्यात आला. तसंच ढेकणांच्या घोळक्यात एखादा "ढेकूण" मोठा, झिपरा आणि भलताच चपळ दिसला तर तो चिरडू नका. ती क्रिप्टोलेमस नावाच्या मित्रभुंगेऱ्याची अळी असते, ढेकणांसारखाच पांढरा अवतार करून त्यांनाच खाते.

दुसरा प्रश्न, कीड येते कुठून? याचं उत्तर कपाशीइतकंच आंध्रातून येणाऱ्या गाडीत आहे. कुठल्या नर्सरीचा माल वाईट असं मी म्हणत नाही. दाटीवाटीने भरलेल्या गाडीत झाडं दोन-तीन दिवस एकमेकांना चिकटून येतात, त्यात चार झाडांवरची कीड चाळिसांवर जाते. तुम्ही लिहिता, गाडी उतरली की माल त्याच दिवशी रांगांत लागतो, कारण जागा नाही. वीस गुंठ्यांत एक गुंठा काढा. वारा ज्या टोकाने नर्सरीबाहेर जातो त्या टोकाला, जुन्या नेटचा आडोसा करून. नवा माल तिथे तीन आठवडे. त्या भागाचं सिकेटर (छाटणीची कात्री) आणि झारी वेगळी, आणि मजुरांनी तिथलं काम दिवसाच्या शेवटी करायचं. उतरवतानाच दर दहा झाडांमागे एक पिशवीतून काढून मुळं बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत राहणारे अतिबारीक कृमी), पांढरा कापूस दिसला तर मुळांवरचा पिठ्या ढेकूण. अशी झाडं त्याच गाडीने परत गेलेली बरी. हे तीन आठवडे पैसा अडकतो, मान्य आहे. पण दोनशे जास्वंदी परत आल्या तेव्हा जो अडकला त्याचा हिशेब एकदा याच्या शेजारी मांडा.

आणि मेलेली, मरतुकडी झाडं टाकायचा तो मागचा कोपरा! असा कोपरा जवळपास प्रत्येक नर्सरीत असतो आणि वर्षभराची कीड तिथे सुखाने नांदते. तो या आठवड्यात साफ करा.

उन्हाळ्याला आपण नुसती नावं ठेवतो. पण ज्या उन्हाने गुलाब होरपळतो त्याच उन्हात माती फुकटात निर्जंतुक होते, आणि त्यासाठी मे महिन्यातल्या खानदेशासारखी जागा शोधून सापडायची नाही. पावसाळ्यासाठी लागणारं माती-खताचं मिश्रण आत्ताच करा. जुन्या प्लास्टिकवर ते सहा-आठ इंच जाडीचं पसरा, चांगलं ओलं करा, वरून पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरा आणि कडा मातीने गच्च दाबा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली तेवढी उष्णता पोचत नाही. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. रोप कोलमडवणाऱ्या बुरश्या, सूत्रकृमी, तणांचं बी, हुमणीच्या अळ्या, बरंच काही यात मरतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र वाचतात, त्या वेचूनच काढाव्या लागतात. प्लास्टिक काढून मिश्रण थंड झालं की ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी घाला, शंभर किलो कुजलेल्या शेणखताला किलोभर, सावलीत ओलसर ठेवून आठ-दहा दिवसांनी मिश्रणात मिसळा. आधीच घातलात तर उन्हात तोही मरेल. जुन्या कुंड्याही धुऊन त्याच उन्हात उपड्या टाका.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांची बुरशी पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की रुजते. म्हणून जूनपासून पाणी सकाळी आणि बुंध्याशी, संध्याकाळी वरून झारी नको. कुंड्यांत हातभर अंतर ठेवा, पडलेली ठिपक्यांची पानं रोज झाडून उचला. आणि इथे तुमचे दीर बरोबर आहेत. मॅन्कोझेब किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशक हे रोग यायच्या आधी पानावर असावं लागतं, ठिपके पडल्यावर मारून गेलेलं पान परत येत नाही. झड लागायचा अंदाज असेल तर एक फवारा आधी मारणं शहाणपणाचं. छाटणीनंतर कापलेल्या टोकांना बोर्डो मलम लावा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचा. तयार मिश्रणात लोखंडी सुरीचं स्वच्छ पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर झाड जळेल. गोगलगायींसाठी संध्याकाळी ओलं बारदान अंथरा, सकाळी उचलून खालचा ऐवज मिठाच्या पाण्यात टाका.

थंडीतली भुरी वेगळ्या स्वभावाची, तिला पानावर पाणी लागत नाही. दिवसा ऊन आणि रात्री गारठा, म्हणजे आपला नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तिला मानवतो. तेव्हा गंधक खुशाल वापरा. युरिया मात्र आवरा, लुसलुशीत फुटीवर ती आधी बसते. काळे ठिपके, भुरी आणि कोळी या तिघांवर एकाच पंपातलं मिश्रण मारणं म्हणजे ताप, खोकला आणि मोडलेला हात यांना एकच काढा देणं.

दिरांना हे कसं पटवायचं? वादाने नाही पटणार. त्यांनी इतकी वर्षं उन्हातान्हात पंप पाठीवर घेतलाय, त्यांना "तुमचं चुकलं" म्हणायची गरजही नाही. गुलाबाच्या रांगा निम्म्या करा. निम्म्या त्यांच्या आठवड्याच्या फवाऱ्यावर, निम्म्या "आधी कागद, मग औषध" या पद्धतीवर. मिश्रण मात्र दोन्हीकडे बंद, एका वेळी एकच औषध, यावर तडजोड नको. एका वहीत दोन्हींचा औषधाचा खर्च, मजुरी आणि विकण्याजोगी निघालेली रोपं लिहा. दसऱ्याला दोघांनी मिळून बेरीज करा. दिरांच्या रांगा सरस निघाल्या तर ते मान्य करायची तयारी तुमचीही हवी. रोग ओळखू येत नसेल तर पालचं किंवा ममुराबादचं कृषी विज्ञान केंद्र आहे, धुळेकरांना तिथलं कृषी महाविद्यालय जवळ. नमुना न्यायचा तो निम्मा रोगट, निम्मा हिरवा असा, कागदात गुंडाळून, त्याच सकाळी तोडलेला. पूर्ण वाळलेल्या पानावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

परत आलेली जास्वंद निम्म्या भावात विकू नका. घरगुती गिऱ्हाईक ती नेऊन गच्चीवर बाकीच्या कुंड्यांत ठेवणार, महिन्याभरात सगळ्या कुंड्या भरणार आणि तुमच्या नर्सरीचं नाव गल्लीभर होणार. दोनशेंमधली दहा-बारा पिशवीतून काढून मुळं बघा. मुळांवर कापूस असेल तर ती रोपं खड्ड्यात पुरा, वाचवण्यासाठी धडपडू नका. मुळं स्वच्छ असतील तर निम्म्यापर्यंत छाटा, छाटण काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा, धार-साबण-मुंग्या हा क्रम करा आणि नव्या मालाच्या आडोशात वेगळी ठेवा. नव्या फुटीवर तीन आठवडे काही दिसलं नाही तर पूर्ण भावात विका, जास्वंद छाटणीनंतर उलट भरदार होते.

ऑर्डर घ्या. ज्याने माल परत पाठवला तोच पुन्हा विचारतोय, म्हणजे त्याला तुमच्याकडूनच हवंय. त्याला सरळ सांगा की जास्वंद या पावसाळ्यात देत नाही, ऑक्टोबरनंतर बघू. तिच्या जागी बोगनवेल, तगर, टिकोमा सुचवा, आपल्या उन्हाला ही झाडं टिकतात. कण्हेरही टिकते, पण ती विषारी, मुलं खेळतात किंवा गुरं चरतात अशा जागी देऊ नका. त्याची गाडी येईल तेव्हा त्याच्यासमोर चार-पाच रोपांची पानं उलटून भिंगातून दाखवा आणि चलनावर लिहून सही घ्या, की पंधरा दिवसांत कीड दिसली तर रोप बदलून मिळेल, त्यापुढे जबाबदारी साइटवरच्या माळ्याची.